जुनी ब्रिटिश चिल्लर कशी जमवावी: नवख्यांसाठी पायरीपायरीने

नाशिकहून बर्मिंगहॅमला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात मी रविवारच्या बाजारातून जुन्या नाण्यांची एक पिशवी घेतली. वजनावर. घरी येऊन टेबलावर ओतली तर त्यात पेनी होत्या, हाफपेनी होत्या, आयरिश नाणी होती, फ्रेंच होती, आणि कुठल्यातरी जत्रेतल्या खेळाच्या यंत्राची दोन टोकनंही होती. दोन महिने मी ती नुसती इकडून तिकडे मांडत बसले. काय ठेवायचं, काय सोडायचं, कशाला काय म्हणायचं, काहीच कळेना. त्यातली काही चांगली नाणी मी स्वतःच्या हाताने खराबही केली, ते पुढे सांगते.

आज माझ्याकडे पहिल्या एलिझाबेथच्या काळापासून १९६७ पर्यंतची नाणी आहेत. सोनं एकही नाही. मला ओढ आहे ती खुर्द्याची, म्हणजे फार्दिंग, हाफपेनी, पेनी, तीन पेन्स, सहा पेन्स या नाण्यांची. मोठी नाणी तिजोऱ्यांत पडून राहिली. ही मात्र खिशात, गल्ल्यात, मजुरीच्या पाकिटात फिरत राहिली आणि फिरताना झिजली. नव्याने सुरुवात करणाऱ्याला परवडतातही तीच.

१. आधी हिशेब पक्का करा

जुन्या ब्रिटिश पैशाचा हिशेब असा: १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे एका पौंडाच्या २४० पेनी. एका पेनीच्या दोन हाफपेनी किंवा चार फार्दिंग. वर तीन पेन्स, चार पेन्सचा ग्रोट आणि सहा पेन्स. ज्यांच्या घरात आजी-आजोबांनी रुपये-आणे-पैचं गणित सांगितलं असेल, त्यांना हे जड जाणार नाही. आपल्याकडे आण्याच्या १२ पै होत्या आणि रुपयाचे १६ आणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६ पेन्स होता. त्या काळात एक आणा म्हणजे बरोब्बर एक पेनी.

विक्रेत्याच्या लेबलवर आकड्यापुढे 'डी' हे अक्षर दिसलं तर गोंधळू नका. रोमन देनारियस नाण्यावरून पेनीसाठी ते अक्षर वापरत. '६डी' म्हणजे सहा पेन्स. बोलीतली नावंही कानावर असू द्या: हाफपेनीचा उच्चार 'हेपनी', सहा पेन्सला 'टॅनर', शिलिंगला 'बॉब'. जुन्या विक्रेत्यांशी बोलताना हेच शब्द येतात.

१५ फेब्रुवारी १९७१ ला हा सगळा हिशेब बदलला आणि पौंडाचे १०० नवे पेन्स झाले. फार्दिंग त्याआधीच, १९६० च्या अखेरीला बंद झालं होतं आणि जुनी हाफपेनी १९६९ मध्ये. सहा पेन्सचं नाणं मात्र अडीच नव्या पेन्सच्या भावाने १९८० पर्यंत चालत राहिलं.

२. एकच वाट निवडा

'ब्रिटिश नाणी जमवतो' असं म्हणून सुरुवात केलीत तर माझ्या पिशवीसारखी गत होईल. एक ओळ धरा.

माझा सल्ला स्पष्ट आहे: १८६० ते १९६७ ची काशाची पेनी. कारणं सांगते. हे नाणं मोठं आहे, ३०.८ मिलिमीटर व्यासाचं, डोळ्यांना सहज वाचता येतं. शंभराहून जास्त वर्षं त्याचा आकार आणि वजन बदललं नाही. त्यामुळे १९६० च्या दशकातही दुकानातून परत मिळालेल्या सुट्ट्या पैशांत व्हिक्टोरिया राणीची पेनी सापडायची, एलिझाबेथच्या पेनीला चिकटून. आणि झिजलेली पेनी आजही विक्रेत्याच्या 'कोणतंही घ्या' ट्रेमध्ये एक-दोन पौंडांत मिळते.

पहिलं लक्ष्य छोटं ठेवा. प्रत्येक चेहऱ्याची एक पेनी:

- व्हिक्टोरिया, अंबाडा घातलेली (१८६०–१८९४)
- व्हिक्टोरिया, डोक्यावरून पदर घेतलेली वृद्ध राणी (१८९५–१९०१)
- सातवा एडवर्ड (१९०२–१९१०)
- पाचवा जॉर्ज (१९११–१९३६)
- सहावा जॉर्ज, दोन प्रकार (१९३७–१९४८ आणि १९४९–१९५१)
- दुसरी एलिझाबेथ (१९५३–१९६७)

आठवा एडवर्ड यात नाही. १९३६ मध्ये त्याने वर्ष पुरं व्हायच्या आत गादी सोडली, त्याच्या चेहऱ्याची पेनी चलनात आलीच नाही. कोणी 'चलनातली' म्हणून दाखवली तर नमस्कार करून पुढे चला.

ही सात नाणी हातात आली की मग ठरवा: सालवार जमवायचं, की फार्दिंगकडे वळायचं, की शतकं मागे जायचं. सालवार जमवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की १९४१ ते १९४३ आणि १९५५ ते १९६० या वर्षांच्या पेनी चलनासाठी पाडल्याच नाहीत. त्या रिकाम्या जागा भरायला निघू नका.

३. लागणारं साहित्य

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग. सोनाराकडे असतं तसं, घडीचं.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा.
- प्लॅस्टिकचा व्हर्नियर कॅलिपर. लोखंडी नको, नाण्यावर ओरखडा उठतो.
- एक लोहचुंबक.
- नाण्यांसाठीची कागदी पाकिटं किंवा पीव्हीसी नसलेली पारदर्शक पाकिटं.
- स्पिंक या लंडनच्या नाणेविक्रेत्या कंपनीचा ब्रिटिश नाण्यांचा वार्षिक कॅटलॉग. चार-पाच वर्षं जुनी प्रतही चालते. किमती बदलतात, नाण्यांची वर्णनं आणि क्रमांक तेच राहतात. लेबलवर 'एस' आणि पुढे आकडे दिसले तर तो याच कॅटलॉगचा क्रमांक असतो.
- वही आणि पेन्सिल.

नाणं नेहमी कडेने धरा, खाली जाड टॉवेल पसरून. अंगठ्याचा घाम तांब्यावर काही महिन्यांत ठसा उमटवतो आणि तो ठसा मग कायमचा राहतो.

४. नाणं वाचायला शिका

समजा हातात १८९७ ची पेनी आहे. दिवा डाव्या बाजूला, खालच्या उंचीवर ठेवा, म्हणजे सावल्या पडतील. पुढच्या बाजूला डोक्यावरून वस्त्र घेतलेली राणी. कडेने लॅटिन अक्षरं: व्हिक्टोरिया, देवाच्या कृपेने, ब्रिटनची राणी, धर्मरक्षक, आणि शेवटी 'इंड इम्प'. हे शेवटचे दोन तुकडे नीट पाहा. त्यांचा अर्थ 'हिंदुस्थानची सम्राज्ञी'.

व्हिक्टोरियाने ही पदवी १८७६ च्या कायद्याने घेतली, पण ब्रिटनमधल्या नाण्यांवर ती यायला १८९३ उजाडलं आणि पेनीवर १८९५. त्यानंतर अर्धं शतक लंडनमधला कोणीही पाव घ्यायला गेला तरी त्याच्या मुठीत हिंदुस्थानचं नाव असायचं. आता १९४८ ची आणि १९४९ ची पेनी शेजारी ठेवा. भारत १९४७ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला, तरी १९४८ च्या पेनीवर सहावा जॉर्ज अजून 'इंड इम्प' आहे. जून १९४८ मध्ये त्याने पदवी सोडली आणि १९४९ च्या पेनीवरून ती अक्षरं गेली. दोन साधी, स्वस्त नाणी आहेत ही. माझ्या अल्बमचं पहिलं पान त्यांचंच आहे, आणि घरी कोणी आलं की मी आधी तेच उघडते.

आता पेनी उलटा. मागे ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, बसलेली आहे, हातात त्रिशूळ, बाजूला ढाल. अंबाडा असलेल्या राणीच्या पेनीवर ब्रिटानियाच्या एका बाजूला दीपगृह आणि दुसऱ्या बाजूला जहाज दिसतं. १८९५ मध्ये दोन्ही काढली. दीपगृह १९३७ मध्ये परत आलं, जहाज नाही आलं. साल पुसलं गेलं असलं तरी या खुणांवरून नाणं कुठल्या काळातलं ते सांगता येतं.

सालाच्या आसपास एखादं बारीक अक्षर आहे का तेही भिंगाने बघा. 'एच' म्हणजे बर्मिंगहॅमची हीटन टाकसाळ. लंडनच्या शाही टाकसाळीला काम झेपेनासं झालं की इथे नाणी पाडून घेत. १८७४ ते १८७६, १८८१, १८८२, आणि पुढे १९१२, १९१८, १९१९ या सालांच्या पेनीवर हे अक्षर मिळतं. १८७६ च्या तर सगळ्याच पेनी हीटनच्या. 'केएन' म्हणजे किंग्ज नॉर्टन, तीही बर्मिंगहॅमचीच, फक्त १९१८ आणि १९१९. सध्या मी राहते तिथून इकनील्ड स्ट्रीटवरची हीटन टाकसाळीची जुनी इमारत चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. बाजारातल्या ट्रेमध्ये 'एच' सापडला की माझ्या हाताला अजूनही वेगळं वाटतं.

५. पेनी हाताळून झाल्या की मागे जा

शतकं मागे जाताना घाई नको. एका वेळी एक नाणं, आणि त्याची गोष्ट समजल्यावरच पुढचं.

१७९७ ची 'गाडीचाक' पेनी. सुरुवातीला हीच घ्या. कारखानदार मॅथ्यू बोल्टनने बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीत, वाफेच्या यंत्रावर पाडलेली. एक पेनी म्हणजे बरोबर एक औंस तांबं, २८.३ ग्रॅम, व्यास ३६ मिलिमीटर. जोडीला दोन पेन्सचं नाणं, दोन औंसांचं, ४१ मिलिमीटर. आपल्या ढब्बू पैशालाही मागे टाकेल असं धूड. रुंद उंच काठ आणि त्यात खोदलेली अक्षरं यामुळे त्याला गाडीच्या चाकाचं नाव पडलं. दुकानदार ते वजन म्हणूनही तराजूत टाकत. पुढची दोन वर्षं नाणी पडत राहिली, तरी सगळ्यांवर साल १७९७ च आहे, त्यामुळे दुसरं साल शोधत बसू नका. खूप झिजलेली पेनी वीस पौंडांच्या आसपास मिळते. काठावर ठोकल्याच्या खुणा जवळपास प्रत्येक नाण्यावर असतात. इतकं जड नाणं हातातून पडलं की काठच मार खातो.

मराठी माणसाने या नाण्याजवळ जरा थांबावं असं मला वाटतं. याच बोल्टनने ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी पाडली, १७९१ आणि १७९४ सालची. एका बाजूला कंपनीच्या मालाच्या गासड्यांवर मारायची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि अरबी लिपीत 'अद्ल', म्हणजे न्याय. बर्मिंगहॅमच्या यंत्रावर पाडलेली ही नाणी मुंबईत चालली. बोल्टनचं राहतं घर, सोहो हाऊस, हँड्सवर्थ भागात संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. इकडे आलात तर अर्धा दिवस त्यासाठी ठेवा.

अठराव्या शतकातले हाफपेनी आणि फार्दिंग. तांब्याची सरकारी हाफपेनी आणि फार्दिंग १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने सुरू केली, ब्रिटानियाही तेव्हापासूनच बसली. १७९७ आधी तिच्या हातात भाला असायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या जॉर्जच्या काळात खोट्या हाफपेनीचा सुळसुळाट होता. त्या त्याच काळात, लोकांना फसवायला पाडलेल्या. वजनाला हलक्या, चेहरा ओबडधोबड. आज त्या खोट्या नाण्यांचेही संग्राहक आहेत, पण विकत घेताना तुम्ही काय घेताय ते माहीत हवं.

१६८४ ते १६९२ दरम्यान काही वर्षं हाफपेनी आणि फार्दिंग कथिलाची केली होती, मधोमध तांब्याची खुंटी ठोकून, म्हणजे बनावट ओळखू यावी म्हणून. कथील खराब होतं, नाणी फोड आल्यासारखी दिसतात. नवख्याने यात पैसे घालू नयेत.

सतराव्या शतकाच्या मध्याला सरकारी चिल्लर नव्हती. १६४९ ते १६७२ या काळात गावोगावच्या दुकानदारांनी, खानावळवाल्यांनी आपापली टोकनं काढली. त्यांच्यावर मालकाचं नाव, गाव आणि धंद्याची खूण असते. तुम्ही इंग्लंडमधल्या ज्या गावात राहता त्याच गावचं एखादं टोकन शोधा.

चांदीचं पहिलं नाणं म्हणून मी १६९६ किंवा १६९७ चे सहा पेन्स सुचवेन. तिसऱ्या विल्यमने जुनी कातरलेली चांदी गोळा करून सगळी नव्याने पाडली तेव्हाचे हे नाणे. लोक चांदीच्या नाण्याची कड कातरून चांदी चोरत, त्यावर हा उपाय होता. राजाच्या छातीखाली अक्षर असेल तर ते लंडनबाहेरच्या टाकसाळीचं: बी ब्रिस्टल, सी चेस्टर, ई एक्सेटर, एन नॉर्विच, वाय यॉर्क. आयझॅक न्यूटन त्याच वर्षी, १६९६ मध्ये, टाकसाळीत रुजू झाला.

पहिल्या एलिझाबेथची तीन पेन्स आणि सहा पेन्स १५६१ पासून सालासकट मिळतात. राणीच्या डोक्यामागे गुलाबाचं फूल. एवढ्या छोट्या चांदीच्या चकत्यांत ग्रोट कुठला आणि तीन पेन्स कुठला हे लोकांना कळावं म्हणून काही किमतींवर गुलाब टाकला, काहींवर नाही. पाऊण पेनी, म्हणजे तीन फार्दिंग, असंही चांदीचं नाणं होतं, नखाएवढं.

त्याहून मागे, पहिल्या एडवर्डच्या १२७९ च्या सुधारणेपर्यंत, गोल फार्दिंग सर्रास नव्हतंच. लोक चांदीच्या पेनीवरच्या क्रॉसच्या रेषेवर कात्री चालवून दोन किंवा चार तुकडे करत. असे अर्धे-पाव तुकडे आजही विकत मिळतात. फार्दिंग म्हणजे चौथा हिस्सा, हे ते तुकडे हातात घेतल्यावर कळतं.

६. दर्जाचे शब्द फसवतात

इथे नवखा माणूस हमखास चुकतो. नाण्याच्या व्यवहारात 'फाइन' म्हणजे छान नव्हे. 'फाइन' म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं, सगळं वाचता येतं पण बारकावे गेलेले. 'व्हेरी फाइन' म्हणजे थोडंच वापरलेलं. 'एक्स्ट्रिमली फाइन' म्हणजे जेमतेम हाताळलेलं. 'अनसर्क्युलेटेड' म्हणजे चलनात न गेलेलं. 'फेअर' म्हणजे जवळजवळ गुळगुळीत. एका दर्जाच्या फरकाने किंमत तिप्पट-चौपट होते.

अंबाड्याच्या पेनीवर मी आधी कानाजवळचे केस बघते. केसांचे पदर वेगवेगळे दिसले तर चांगलं, एकसंध गोळा दिसला तर 'फाइन'च्या खाली. मग ब्रिटानियाची ढाल आणि छातीजवळची वस्त्राची घडी. ही उंचवट्याची ठिकाणं आधी झिजतात.

७. कुठे घ्यायचं, कुठे हात आखडायचा

सुरुवातीला विक्रेत्याच्या समोर बसून घ्या. नाण्यांच्या जत्रा भरतात तिथे किंवा ज्याचं नाव ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनच्या सदस्यांत आहे अशा दुकानात. 'हे मी परत करू शकते का?' हे आधी विचारा आणि पावतीवर नाण्याचं वर्णन लिहून घ्या. लिलावात बोली जिंकली म्हणजे तेवढेच पैसे नसतात. वर लिलावगृहाची खरेदीदाराकडून घ्यायची दलाली आणि तिच्यावर कर लागतो. नियम आधी वाचा.

आता सापळे:

- १९३३ ची पेनी. त्या वर्षी जेमतेम सात पाडल्या असं मानतात, काही इमारतींच्या पायात ठेवल्या. लीड्सजवळच्या एका चर्चच्या पायातली १९७० मध्ये चोरीला गेली. तुम्हाला दिसेल ती १९३३ ची पेनी खोटीच धरा. बहुधा १९३५ सारख्या दुसऱ्या सालच्या पेनीचा शेवटचा आकडा कोरून बदललेला असतो.
- 'दुर्मीळ' हा शब्द. १९५० (२,४०,०००) आणि १९५१ (१,२०,०००) या पेनी खरंच कमी पाडल्या. बाकी १९६० च्या दशकातली कुठलीही पेनी दुर्मीळ नाही, जाहिरात काहीही म्हणो.
- काळी पेनी, काळं फार्दिंग. १८९७ ते १९१८ ची फार्दिंग टाकसाळीतच मुद्दाम काळी केली होती, नवीन चकाकती फार्दिंग अर्ध्या सॉव्हरिनच्या, म्हणजे दहा शिलिंगांच्या, सोन्याच्या नाण्यासारखी दिसू नये म्हणून. १९४४ ते १९४६ च्या पेनीही अशाच. हा रंग मूळचा आहे, तो घालवू नका.
- १८८७ चे सहा पेन्स. व्हिक्टोरियाच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या नव्या नमुन्यावर किंमतच लिहिली नव्हती, आणि लोकांनी सोन्याचा मुलामा देऊन ते अर्धा सॉव्हरिन म्हणून खपवले. म्हणून नमुना बदलला. मुलामा दिलेले तुकडे अजून फिरतात. गोष्ट छान आहे, पण नाणं बिघडलेलं आहे.
- संग्रहालयाच्या दुकानातल्या प्रतिकृती. पहिल्या एलिझाबेथच्या सहा पेन्सच्या खूप मिळतात. कडेला जोडाची रेघ असेल, वजन चुकत असेल तर सोडा.
- चुंबक. तांबं, कासं, चांदी चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटलं तर जुनं नाणं म्हणून घेऊ नका. सप्टेंबर १९९२ नंतरचे बहुतेक १ आणि २ पेन्स मात्र तांब्याचा थर दिलेल्या पोलादाचे असल्याने चिकटणारच.
- चांदीची टक्केवारी. १९१९ पर्यंतची चांदीची नाणी ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ ची ५० टक्के, १९४७ पासून चांदी नाहीच. १९५० च्या सहा पेन्सला कोणी 'जुनी चांदी' म्हणाला तर उठा.

वजन नेहमी ताडून घ्या. काशाची पेनी ९.४५ ग्रॅम, हाफपेनी ५.६७, फार्दिंग २.८३. झिजेने थोडं कमी भरेल. जास्त भरलं तर शंका घ्या.

८. धुऊ नका

माझी चूक सांगते. त्या पहिल्या पिशवीत १८६२ ची अंबाड्याची पेनी होती, गडद चॉकलेटी, केसांचे पदर स्पष्ट. आपल्याकडे देवाचं तांब्याचं तबक चिंच-मिठाने घासतात तसं मी तिला घासलं. सिंकपाशी उभं राहून, अंगठ्याने, प्रेमाने. पाण्याखाली धरली तेव्हा ती नव्या तांब्याच्या कळशीसारखी गुलाबी झाली होती आणि राणीच्या गालावर बारीक गोल ओरखडे होते. दीडशे वर्षांचा रंग पाच मिनिटांत गेला. तो परत येत नाही. पेनी मी ठेवली आहे, अल्बमच्या शेवटच्या पानावर, आणि सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देते.

म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, पितळ चकचकीत करायची पावडर, काहीही नाही. माती चिकटलेली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ कापडाने टिपा. घासू नका. हिरवा कळंक धरायला लागला तर ते नाणं इतरांपासून वेगळं काढा आणि कोरड्या जागी ठेवा.

साठवण: मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात, काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागदही दूर ठेवा. ओकच्या लाकडाच्या खणात नाणी ठेवू नका, त्यातून आम्लाची वाफ सुटते, महोगनी चालतं. मुंबईला किंवा कोकणात घर असेल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसाळ्याआधी बदला. मी उन्हाळ्यात आईकडे नाशिकला काही नाणी ठेवते. तिथल्या कोरड्या हवेत ती इथल्यापेक्षा बरी राहतात.

९. कायद्याच्या बाजू

ब्रिटनमध्ये धातूशोधक यंत्र घेऊन शेतात जायचं असेल तर जमीनमालकाची परवानगी आधी. थेम्सच्या काठावर गाळात शोधायला लंडनच्या बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ च्या खजिना कायद्यानुसार एकाच ठिकाणी ३०० वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन किंवा जास्त नाणी सापडली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.

भारतात नाणी आणणार असाल तर खरेदीच्या पावत्या जपून ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. इंग्लंडमध्ये घेतलेली व्हिक्टोरियाची पेनी सुट्टीत घरी दाखवायला नेली आणि परत येताना विमानतळावर प्रश्न आला, तर ती कधी, कुठून घेतली याचा कागद हाताशी हवा. मी शंभर वर्षांवरची नाणी आता नेतच नाही, फोटो दाखवते.

१०. वही

प्रत्येक नाण्याला एक क्रमांक आणि वहीत एक नोंद. विक्रेत्याचं जुनं लेबल असेल तर फेकू नका, नाण्याबरोबर त्याच पाकिटात ठेवा. फोटो दोन्ही बाजूंचे, कडेचा एक. नोंद कशी करायची ते माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवते:

क्र. ४१. पेनी, १८७६, एच सालाखाली. ९.२१ ग्रॅम, ३०.८ मिमी. व्हिक्टोरिया, अंबाडा. दर्जा फाइन, कानाजवळचे केस गेलेले, ढाल वाचता येते. उजव्या काठावर ठोक. रंग गडद, धुतलेली नाही. बर्मिंगहॅमची जत्रा, तीन पौंड, पावती पाकिटात. हीटनच्या इमारतीसमोर उभं राहून दुपारच्या उन्हात पुन्हा पाहिली.